म्हातारी आणि नऊ स्क्रू

तिसरं रोपही मेलं होतं.

मिलीमीटरने अंगठ्याच्या नखाने त्याच्या सालीवर बारीकसा ओरखडा काढला. खाली ओलं हिरवं दिसायला हवं होतं. दिसलं ते कोरडं तपकिरी. वीतभर वर त्याने आणखी एक ओरखडा काढला. तिथेही तेच. पानं मात्र अजून हिरवीगार, जणू काही झालंच नाही. मग तो "हत् तुझ्या!" असं इतक्या जोरात म्हणाला, की गच्चीच्या कठड्यावरचे पारवे उडाले आणि खालून बायकोचा आवाज आला, "गेलं का हेही?"

"गेलं!"

"मग खाली या आता. चहा तिसऱ्यांदा गरम करणार नाही मी."

तो हलला नाही. समोरच्या टेबलावर उथळ कुंडीत दोन फुटांचं एक पांढरं, पिळवटलेलं, मेलेलं खोड उभं होतं. त्या खोडाच्या पाठीत वरपासून खालपर्यंत एक खोबण कोरलेली होती आणि त्या खोबणीत ते रोप पितळी स्क्रूंनी जखडून बसवलेलं होतं. मेलेल्या झाडाला जिवंत रोप जोडून झाड पुन्हा जिवंत दिसावं, असा बेत होता. आता दोन्ही सारखीच मेली होती. कठड्याखालच्या कुंड्यांत चौथं आणि शेवटचं रोप तेवढं उरलं होतं, आणि ताई अकरा दिवसांनी घरी येणार होती.

मिलीमीटर हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. दातांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्याने चौतीस वर्षं कवळ्या बनवल्या. "अर्धा मिलीमीटर जास्त आहे," हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा, की शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारू लागले, आणि निवृत्त झाल्यावर ते नाव त्याच्यामागोमाग घरी आलं. त्याचा एक सिद्धांत होता. दात गेले की हिरडी वर्षावर्षाला आकसत जाते, आणि आज बेताची बसलेली कवळी चार वर्षांनी तोंडात खुळखुळायला लागते. म्हणून कवळी पहिल्या दिवसापासून करकचून बसली पाहिजे. पेशंट कुरकुरायचे. "टोचतेय? टोचू दे," हा त्यांना सांगायचा, "पुढे माझं नाव काढाल." सैल झाली म्हणून त्याची एकही कवळी परत आली नाही, हे तो निवृत्तीच्या समारंभात भाषणात म्हणाला होता, आणि टाळ्याही पडल्या होत्या. ज्यांच्या हिरड्या दुखत होत्या ते अर्थातच त्या समारंभाला नव्हते.

ताई त्याची थोरली बहीण. तो आणि बायको खाली राहत, ताई वरच्या दोन खोल्यांत, आणि तिच्या दाराबाहेरची गच्ची तिच्या झाडांची. सगळी बुटकी, कुंडीत वाढवलेली, तारेने वळवलेली. त्यांतलं हे जुनिपरचं झाड तिने सव्वीस वर्षं वाढवलं होतं. खोडाचा बहुतेक भाग तिने आपल्या हाताने सोलून, कोरून, चुना-गंधकाचं पाणी लावून हाडासारखा पांढरा केलेला. त्या पांढऱ्या लाकडाला बिलगून दोन बोटं रुंदीची एकच जिवंत पट्टी मुळापासून शेंड्यापर्यंत चढत गेलेली. ताई तिला शीर म्हणायची आणि झाडाला म्हातारी. "हिचं एवढंच जिवंत आहे," ती पट्टीवरून बोट फिरवत सांगायची, "पण एवढ्यावर ती तुम्हाआम्हाला पोचवून मग जाईल."

आठ महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. भाचा येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला. गाडीत बसताना तिने मिलीमीटरला एकच सूचना दिली होती, "मातीला बोट लावून बघायचं. कोरडी लागली की पाणी घालायचं."

आता बोट हे काही मोजायचं साधन आहे का? मिलीमीटरच्या मते नव्हतं. आज बोट कोरडं, उद्या घामट. त्याच्यावर कोण विसंबणार? त्याने पहिले पाच दिवस किती पाणी लागलं ते मोजलं, सरासरी काढली आणि काचेचं एक मापपात्र आणून त्यावर लाल रेघ मारली. दीडशे मिली. रोज सकाळी सातला. एक दिवस चुकवला नाही, ताप आला तेव्हा बायकोला वर पाठवलं, तेही मापपात्र घेऊन. मधे उन्हं कडक झाली, गच्ची तव्यासारखी तापायला लागली, माणसं दोनाच्या जागी चार तांबे पाणी प्यायला लागली. रेघ तिथेच राहिली.

आणि म्हातारी हिरवीच दिसत राहिली. या जातीच्या झाडाची हीच तर खोड, की जीव गेला तरी पुढचे दोन महिने पानं रंग सोडत नाहीत. हे ताईला माहीत होतं, पण सांगायचं राहून गेलं होतं. मिलीमीटरला कळलं तेव्हा शीर नखाने खरवडली तर भुसा पडत होता.

इथे कुणीही शहाण्या माणसाने ताईला फोन करून सांगितलं असतं. मिलीमीटर शहाणाच होता, पण त्याला धीर झाला नाही. त्याला झाली ती भयंकर चिडचिड. झाडावर, उन्हावर, बोट लावून बघा म्हणणाऱ्या ताईवर. आणि सगळ्यात जास्त त्या मापपात्रावर, ज्याने चकार शब्द काढला नव्हता. त्याला लाज वाटत होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, तीच करताना बहिणीचं सव्वीस वर्षांचं झाड त्याने वाळवून मारलं होतं.

ताईचा फोन रविवारी यायचा.

"म्हातारी कशी आहे?"

"मजेत."

"शेंडे फुटले का नवे?"

"फुटतायत हळूहळू."

बायको समोर उभी राहून कपाळाला हात लावायची. मिलीमीटर तिच्याकडे पाठ करायचा. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे ताई कधी व्हिडिओवर बोलायची नाही. "त्यात माणसांच्या नुसत्या नाकपुड्या दिसतात," ती म्हणायची, आणि मिलीमीटर मोठ्या उत्साहाने "अगदी खरं," म्हणायचा. तिचे शब्द मात्र हल्ली फोनवर मऊ, भिजल्यासारखे यायचे, काही अक्षरं नुसतीच हवेत जायची. फोनची लाइनच भिकार आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

रोपाची कल्पना नर्सरीवाल्याची. मिलीमीटर त्याच्याकडे मेलेल्या झाडाला जिवंत करायचं औषध मागायला गेला होता. नर्सरीवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, मेलेलं उठत नाही," तो म्हणाला. "पण लाकूड चांगलं असेल तर त्याला मागून खोबण करायची, त्यात लवचीक रोप बसवायचं, दोनचार स्क्रूंनी टेकवायचं आणि पाचसात वर्षं विसरून जायचं." ताईने म्हातारीच्याच फांद्या लावून वाढवलेली चार रोपं गच्चीत होती, छडीसारखी सरळ, अंगठ्याएवढी जाड. मिलीमीटरच्या डोळ्यांत चमक आली. खोबण करायची आणि रोप बसवायचं, एवढंच त्याने ऐकलं. पुढचं कानावर पडलं, पण आत शिरलं कुठे?

बसवणं तर त्याच्या हातचा मळ! त्याने घरातलं जुनं दातांचं यंत्र काढलं, तासायच्या बारीक टोच्या लावल्या, आणि म्हातारीच्या वाळलेल्या शिरेच्या जागी अशी गुळगुळीत खोबण कोरली की पाहत राहावं. पहिल्या रोपाला त्याने खोबणीत ठेवलं आणि कडेला राहिलेल्या फटी कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकने भरून टाकल्या. दिसायला थोडं विचित्र दिसलं, झाडाला हिरडी फुटल्यासारखं, पण तो म्हणाला, वरून रंग देऊ. हे अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना चांगलंच तापतं. त्याच्याइतकं हे कुणाला ठाऊक होतं? चौतीस वर्षं बोटं पोळली होती. पण ते नेहमी प्लास्टरच्या साच्यावर तापायचं, आणि प्लास्टरने कधी तक्रार केली नव्हती. रोप तीन आठवड्यांत गेलं.

त्याने कारण शोधलं: भरणातून कुठेतरी हवा शिरली असणार. म्हणजे फटच राहता कामा नये. दुसऱ्या वेळी त्याने खोबणीत मापाचा लगदा भरून तिचा ठसा घेतला, प्लास्टरचा नमुना काढला आणि रोपाचं खोड दोन्ही बाजूंनी तासत त्या नमुन्याबरहुकूम केलं. चावा कुठे उंच लागतो ते बघायचा निळा कागद असतो, तो मधे घालून दाबलं, जिथे निळा डाग पडला तिथे आणखी तासलं. रोप खोबणीत असं गेलं की टिचकी मारली तर एकाच लाकडाचा आवाज यावा. फक्त तासता तासता साल बहुतेक सगळी संपली होती. ते पाच आठवडे जगलं, तेही कुठल्या जिवावर, कोण जाणे.

तिसऱ्याला त्याने तासलं नाही. खोबण त्याच्या मापाची केली आणि सहा स्क्रू पिळून पिळून बसवले, साल चेपून लाकडाला भिडेपर्यंत. तेच हे, आज मेलेलं.

"अहो," चहा घेऊन शेवटी बायकोच वर आली. तिने कप मेलेल्या खोडाशेजारी आदळला. "वन्संना सांगून टाका ना एकदाचं. त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

"ती काही म्हणणार नाही."

"मग?"

"तेच तर!" तो उसळला. "ती म्हणेल, असू दे रे, झाडच होतं. आणि आत जाऊन पडून राहील. ओरडली तर बरं. मी ओरडून घेईन. ती ओरडायचीच नाही."

बायकोने त्याच्याकडे, मग चौथ्या रोपाकडे पाहिलं. "हे तरी सोडा बिचाऱ्याला," ती म्हणाली. "म्हातारीचं एवढंच उरलंय आता."

त्याने नाही सोडलं. अकरा दिवसांतले चार दिवस तो त्या रोपाभोवती घिरट्या घालत राहिला, हात लावला नाही. पाचव्या दिवशी ताईचा फोन आला, "म्हातारीला सांग, आलेच मी," आणि फोन ठेवून तो तडक गच्चीत गेला.

या वेळी त्याने आयुष्यातलं सगळं कसब पणाला लावलं. सहा कमी पडले म्हणून नऊ स्क्रू घेतले, सगळे मोजून सारख्या अंतरावर. रोप वाफेच्या फडक्यात गुंडाळून मऊ केलं, पिळवटलेल्या खोबणीतून वळणावळणाने दाबत नेलं, एकेक स्क्रू पाव पाव फेऱ्याने आवळला, जसा कवळीचा साचा दाबयंत्रात आवळतात तसा. शेवटी त्याने दाढीचं पातं घेतलं आणि रोप आणि लाकूड यांच्यामधे घालून पाहिलं. पातं शिरेना. वरपासून खालपर्यंत कुठेही शिरेना. खाली येऊन त्याने बायकोला सांगितलं, "आजवरचं सगळ्यात चांगलं काम." सांगताना त्याचा आवाज आनंदी नव्हता. त्याला रोज नखाने साल खरवडून बघावीशी वाटायची आणि रोज तो हात मागे घ्यायचा. पानं हिरवी होती. हिरव्या पानांवर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता.

ताई सकाळी दहाला आली. भाच्याने सामान वर चढवलं आणि कामावर जायचं म्हणून तो आल्या पावली परतला. ताई काठी टेकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत वर आली. तोंडावर रुमाल धरलेला.

"काय झालं?" मिलीमीटरने विचारलं.

"सर्दी," ती रुमालातून म्हणाली, आणि घरात न शिरता सरळ गच्चीकडे वळली. बायको खुर्ची घेऊन मागून धावली.

मिलीमीटरने कुंडी अशी ठेवली होती की पांढरं खोड पुढे यावं आणि मागून चढलेलं रोप फांद्यांआडून फक्त हिरवं दिसावं. त्याने एक वाक्यही तयार ठेवलं होतं, 'जरा छाटणी जास्त झालीय.' ताई खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि झाडाकडे पाहू लागली. तिची नजर फांद्यांवर नव्हतीच, ती खोडावर होती.

"फिरव," ताई म्हणाली.

त्याने कुंडी फिरवली. मागची बाजू उन्हात आली: खोबण, रोप आणि एका ओळीत नऊ पितळी स्क्रू, नऊही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत उभ्या.

ताईने वरपासून खालपर्यंत एकेक स्क्रू पाहिला. मग म्हणाली, "कधी गेली?"

"मला कळलंच नाही," मिलीमीटर म्हणाला. आणि मग त्याचा बांध फुटला. "हिरवी होती गं ती! रोज बघत होतो मी! रोज पाणी घालत होतो, दीडशे मिली, एक दिवस, एक दिवस चुकवला नाही! सातच्या ठोक्याला! आणि ही आपली हिरवी! तीन रोपं मारली मी त्यानंतर. तीन! पहिल्याला अ‍ॅक्रिलिक भरलं, दुसरं तासलं, तिसऱ्याला सहा स्क्रू पिळले. हे चौथं. बोल तू. काय बोलायचं ते बोल एकदा, पण असू दे म्हणू नकोस."

ताईने बोलण्यासाठी रुमाल खाली घेतला. मिलीमीटरने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला. ओठ आत गेलेले, गाल बसलेले, हनुवटी वर आलेली. हे ओळखायला त्याला अर्धा क्षणसुद्धा लागला नाही.

"ताई, कवळी कुठाय?"

"पर्समध्ये."

"पर्समध्ये का?"

"झाडाचं बोल आधी."

"झाडाचं राहू दे! कवळी पर्समध्ये का?" भिजलेले शब्द, हवेत गेलेली अक्षरं, नाकपुड्यांचा बहाणा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात जुळलं. "आठ महिने तू कवळी घातली नाहीस?"

ताईने बायकोकडे पाहिलं. बायकोने नजर कुंड्यांकडे वळवली. तिला माहीत होतं, हे उघड होतं.

"आठ महिने नाही रे," ताई म्हणाली. "अकरा वर्षं."

"काय?"

"तू केलीस तेव्हापासून. तुझी पावलं जिन्यात वाजली की घालायची, तू गेलास की काढायची. तिकडे तू नव्हतास, मग घातलीच नाही. आज गाडीत घालायला गेले तर उघडं तोंडच मिटेना, इतकी दुखली."

मिलीमीटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कवळी त्याने स्वतः, ठशापासून पॉलिशपर्यंत, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता केली होती. हॉस्पिटलमध्ये नमुना म्हणून दाखवावी अशी. "मग सांगायचं नाही? अकरा वर्षं मूग गिळून बसलीस? मी कवळ्याच करतो ना? दुसरं काय करतो मी?"

"तू विचारलंस कधी?"

"दर वेळी विचारायचो!"

"'बसली ना?' असं विचारायचास," ताई म्हणाली. "बसली होतीच. हलायची नाही. दुखतेय का, असं नाही विचारलंस." तिने काठीचं टोक कुंडीकडे केलं. "आणि तू मला म्हणायचास, ताई, मजेत आहेस ना. मी म्हणायचे, मजेत. तू म्हणालास, म्हातारी मजेत. आपण दोघं एका आईची मुलं, दुसरं काय."

बायको हसली. मग तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

मिलीमीटर कठड्याला टेकून उभा राहिला. त्याला खूप बोलायचं होतं आणि एकही वाक्य मापात बसेना. "घट्टच करायची असते," तो शेवटी म्हणाला. "हिरडी आकसते ताई. सगळं आकसत जातं. आज सैल ठेवलं तर उद्या..."

"हिरडी आकसत असेल. हे आकसत नाही." ताईने वाकून चौथ्या रोपाच्या सालीवर बोट ठेवलं, दोन स्क्रूंच्या मधोमध. "हे फुगतं. दर वर्षी थोडं थोडं. तुला जी फट बुजवायची आहे ना, ती त्याची त्यालाच बुजवायची असते. तीच तर सगळी गंमत. आधी सैल राहतं, वाऱ्याने हलतं, वेडंवाकडं दिसतं. चारपाच वर्षांत लाकडाला असं धरतं की पातं जाणार नाही."

"आत्ताच जात नाही," तो पुटपुटला.

"तेच सांगतेय. मग ते वाढणार कुठे?"

नर्सरीवाल्याचं वाक्य आता त्याला पूर्ण ऐकू आलं, दोनचार स्क्रूंनी टेकवायचं आणि विसरून जायचं. त्याने तीन रोपं सैल राहिली म्हणून मेली असं धरलं होतं, आणि दर वेळी आणखी आवळलं होतं.

"स्क्रू ड्रायव्हर दे," ताई म्हणाली.

पहिला स्क्रू निघताना कुरकुरला. त्याखाली साल चेपून गोल खड्डा पडला होता. मिलीमीटरने दुसरीकडे पाहिलं. पाच स्क्रू तिने पूर्ण काढले, चार अर्धा अर्धा फेरा मागे घेतले. रोप लाकडापासून गव्हाच्या दाण्याएवढं बाजूला झालं आणि खोबणीत काळी, वाकडी फट दिसू लागली. त्या फटीकडे बघताना त्याच्या हाताची बोटं नुसती शिवशिवत होती.

"दिसतेय," तो म्हणाला.

"दिसू दे."

"जगेल का?"

ताईने नखाने साल खरवडली. खाली हिरवं होतं, पण फिकट, आणि चेपलेल्या खड्ड्यांच्या कडेला तपकिरी. तिने चष्मा काढला. "दोन महिने काही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "पानांकडे बघू नकोस. ती खोटं बोलतात." मग तिने पांढऱ्या खोडावरून हात फिरवला, जिथे पूर्वी शीर होती तिथून, आणि तिचे डोळे भरले. "सव्वीस वर्षं रे," एवढंच ती म्हणाली. मिलीमीटरला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

तो खाली गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्वच्छ टोच्यांची डबी होती, हात धुतलेले होते, आणि पांढऱ्या मलमाची एक जुनी ट्यूब होती. ती लावून कवळी घातली की जिथे रुततं तिथलं मलम पुसलं जातं. त्याने टेबलावरचा भुसा झटकला, यंत्र जोडलं आणि हात पुढे केला.

"दे."

"आत्ता? गच्चीत?"

"दे म्हणतो ना."

ताईने पर्समधून डबी काढली. कवळी अकरा वर्षांनीही नव्यासारखी होती, यात नवल ते काय! त्याने मलम लावलं, ताईने डोळे मिटून, चेहरा आक्रसून ती घातली आणि काढली. त्याने उजेडात धरून पाहिली. चार ठिकाणी मलम साफ पुसलं गेलं होतं. चार! त्याने ओठ घट्ट मिटले आणि तासायला सुरुवात केली. गुलाबी भुकटी म्हातारीच्या कुंडीत उडत होती.

"घाल. इथे दुखतं?"

"नाही आता."

"खरं सांग."

"थोडं."

त्याने पुन्हा तासलं. "इथे?"

"हो."

"इथे?"

"तिथे तर फारच."

"आणि हे अकरा वर्षं?" त्याचा आवाज चिरकला.

"हो रे."

एका जागी त्याचा हात थांबला. अर्धा मिलीमीटर काढून झाला होता. याहून जास्त काढलं तर फट राहणार होती, हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं. त्याने ताईकडे पाहिलं. मग काढलं. आणखी थोडं काढलं. ताईने कवळी घातली, जबडा उघडमीट केला, जीभ आतून फिरवली, आणि तिचा चेहरा जागच्या जागी आला.

"हलतेय का?" त्याने सवयीने विचारलं. मग घाईने म्हणाला, "दुखतेय का?"

"हलतेय जराशी," ताई म्हणाली. प्रत्येक अक्षर स्वच्छ आलं. "दुखत नाहीये."

मग ती खुर्चीत सरळ बसली, काठी दोन्ही हातांत आडवी धरली, आणि तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट रोखून पाहिलं.

"दीडशे मिली?" ती म्हणाली. "भर उन्हात? मोजून? अरे गाढवा, झाड आहे ते, का सर्दीखोकल्याचा पेशंट, सकाळी एक माप घ्या आणि पडून राहा? बोट लावून बघ म्हटलं होतं! तुझी बोटं काय झिजली असती? आणि मग शिजवलंस काय, अ‍ॅक्रिलिकमध्ये? माझी रोपं! मी काय तुझ्या कवळ्यांसाठी वाढवली होती? आणि फोनवर काय, मजेत! शेंडे फुटतायत! लाज नाही वाटली?"

"वाटली," मिलीमीटर म्हणाला.

"गप्प बस! मी बोलतेय!"

बायकोने चहाचे तीन कप कठड्यावर ठेवले आणि कुणी घेत नाही हे पाहून आपला घेतला. मिलीमीटर कुंडीशेजारी मान खाली घालून उभा होता, यंत्र अजून हातात. ताई अर्धा तास बोलत होती. मधे दोनदा दम खायला थांबली, एकदा चहा प्यायली. कवळी तिने एकदाही काढली नाही.